केराचा आठवडा

शनिवार, १९ ऑक्टोबर २०२४

बॅगेचं एक चाक श्टुटगार्टच्या स्टेशनातच गेलं. मुंबई ते फ्रँकफर्ट विमान, तिथून सव्वा तास रेल्वे, एवढं सगळं त्याने सोसलं आणि मुक्काम जवळ आल्यावर मान टाकली. त्याचा तरी काय दोष? इथलं जुनं स्टेशन आपल्या सीएसएमटीसारखं आहे. रूळ तिथेच संपतात, गाडी येते आणि आल्या वाटेने उलटी जाते. त्याच्या पोटात, काटकोनात वळवलेलं आठ रुळांचं नवं भुयारी स्टेशन २०१० पासून बांधतायत. त्यामुळे फलाटावरून गावात यायचं तर तात्पुरत्या वाटांचा लांबलचक फेरा पडतो. तेवीस किलोंची बॅग, त्यातले निम्मे किलो आईने भरलेले: थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, लोणच्याच्या दोन बरण्या, चकल्या आणि हळदीकुंकवाची इवलीशी डबी. "दिवाळी तिथेच येणार ना तुझी," म्हणाली.

सहा महिन्यांसाठी आलोय. चिंचवडला आम्ही जो भाग बनवतो, त्याची नवी लाइन आधी इथे उभी राहणार. ती बसेपर्यंत राहायचं, शिकायचं आणि परत जाऊन आपल्याकडे बसवायची. घर कंपनीच्या ओळखीतून मिळालं. शहराच्या पश्चिमेला, श्वाबश्ट्रासं स्टेशनाजवळ, जुन्या दगडी इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. मोडक्या चाकाची बॅग ओढत चढताना पायऱ्या मोजल्या, बासष्ट. पण काय त्या पायऱ्या! लाकडी, मधोमध झिजलेल्या आणि इतक्या लख्ख की बूट काढून चढावंसं वाटलं.

घरमालकीणबाईंनी किल्ल्या दिल्या, घराच्या नियमांचे चार कागद दिले आणि जिन्याकडे बोट करून काहीतरी बजावलं. मला त्यातलं "केअर" एवढंच कळलं. "येस येस, आय विल टेक केअर," म्हणालो. बाई समाधानाने गेल्या.

रविवार, २० ऑक्टोबर

दूध नाही, तेल नाही, कांदा नाही, आणि दुकानं बंद. रविवारी इथे सगळं बंद असतं हे वाचलेलं होतं, पण वाचलेलं आणि पोटात कावळे ओरडत असताना आठवलेलं यात फरक असतो. स्टेशनातली दुकानं उघडी असतात म्हणे, पण त्या फेऱ्यातून पुन्हा जायची हिंमत नव्हती. आधीच्या भाडेकरूने फ्रिजमध्ये लोण्याचा अर्धा पुडा ठेवला होता. भाजणी भिजवली, लोण्यावर थालीपीठ लावलं. त्या भल्या माणसाचं कल्याण होवो.

दुपारी नियमांचे कागद मोबाइलवर भाषांतर करून वाचले. एक ते तीन शांतता. रात्री दहानंतर शांतता. रविवारी पूर्ण दिवस शांतता. सायकल जिन्यात लावू नये. दार आपटू नये. वाचता वाचता ओळखीचं वाटायला लागलं. सदाशिव पेठेतल्या एखाद्या वाड्याच्या दारावरच्या सगळ्या पाट्या गोळा करून कोणीतरी जर्मनमध्ये टाइप केल्या होत्या. आठव्या कलमाचं भाषांतर मोबाइलने "वळण्याचा आठवडा" असं केलं. काही बोध झाला नाही, पुढे गेलो.

सोमवार, २१ ऑक्टोबर

कारखाना फॉयरबाखला. श्वाबश्ट्रासंवरून लोकल सरळ जाते, पाचवं स्टेशन. साडेसातला पोचलो तर माझ्या टेबलाशेजारचा गडी अर्धा तास आधीच येऊन बसलेला. अकरा वाजल्यापासून जो भेटेल तो "माल्त्साइट" म्हणायला लागला. मी आपला प्रत्येकाला "गुड मॉर्निंग" म्हणत होतो. तिसऱ्याने समजावलं, माल्त्साइट म्हणजे जेवणाची वेळ. आपण दुपारी "जेवलात का?" विचारतो, त्यातलाच प्रकार, उत्तराची अपेक्षा नाही, परत "माल्त्साइट" म्हणायचं आणि पुढे जायचं. चारला ऑफिस रिकामं. कोणी थांबत नाही, आणि थांबलेल्याचं कोणाला कौतुकही नाही. मी साडेपाचपर्यंत बसलो, तर सफाईवाल्या बाई मला चुकवून टेबल पुसून गेल्या.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

इथे राहायला आलं की दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो. त्यासाठी घरमालकाचा दाखला लागतो. त्या दाखल्याच्या नावात जर्मनमध्ये चोवीस अक्षरं आहेत: वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. मी नाव पाठ केलं, आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं आणि कागद घरी विसरून गेलो. परत घरी, बासष्ट पायऱ्या वर, बासष्ट खाली.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा खिडकीपलीकडच्या बाईंनी पासपोर्टात जन्मस्थळ पाहिलं. मुंबई. (गिरगावात जन्मलो, वडिलांच्या बदलीने चिंचवडकर झालो.) "आमचं भगिनी शहर," त्या हसून म्हणाल्या. खरंच आहे, १९६८ पासून. सरकारी खिडकीवर कुणीतरी माहेरचं भेटल्यासारखं वाटलं.

आणखी एक समजलं. इथे फ्लॅटला नंबर नसतो. पत्ता म्हणजे रस्ता, इमारतीचा क्रमांक आणि तुमचं आडनाव. टपालपेटीवर आणि घंटीवर आडनाव नसेल तर पत्र येत नाही, माणूस असून नसल्यासारखा. माझं आडनाव पेटीवरच्या पट्टीत मावेना. शेवटची दोन अक्षरं बारीक करून कोंबली.

बुधवार, २३ ऑक्टोबर

पोळ्या. पीठ आणलं, मळलं, लाटलं आणि भाजल्यावर लक्षात आलं की हा मैदा आहे. इथे पिठाच्या पुड्यावर आकडे असतात: ४०५, ५५०, १०५०. टेबलाशेजारच्या गड्याला विचारलं तर त्याने इंजिनिअरसारखं उत्तर दिलं. शंभर ग्रॅम पीठ जाळलं तर किती मिलिग्रॅम राख उरते, तो आकडा. कोंडा जास्त तर राख जास्त. म्हणजे ४०५ आपला मैदा, १०५० पोळीच्या जवळपास. पीठ राखेवरून ओळखणारी माणसं! आईला सांगितलं तर म्हणाली, "हाताला कळत नाही का त्यांच्या?"

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

पाऊस. भात, मेतकूट, लोणी. झोप.

शनिवार, २६ ऑक्टोबर

रिकाम्या बाटल्या घेऊन दुकानात गेलो. प्लॅस्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट अनामत असते. भिंतीतल्या यंत्राच्या तोंडात एकेक बाटली द्यायची, ते ती फिरवून बघतं, गिळतं आणि शेवटी चिठ्ठी देतं. माझ्या मागे सूटबूटातला एक गृहस्थ दोन पिशव्या भरून बाटल्या घेऊन शांतपणे उभा होता. श्वाबी माणूस, म्हणजे या भागातला, पैशाला घट्ट, अशी त्यांची देशभर ख्याती आहे. इथले लोक ते नाकारत नाहीत, फक्त "काटकसरी" म्हणा म्हणतात. पुण्यातून आलेल्या माणसाला यात नवीन काही नाही.

बोलणंही गोड आहे. सगळ्या वस्तूंना "ले" लावून इवलंसं करतात. घर म्हणजे हॉयस्ले, पीठ खदखदत्या पाण्यात सोडून केलेल्या शेवया म्हणजे श्पेट्झ्ले, आणि डोंगरउतारावर द्राक्षमळ्यांतून गेलेले जिने म्हणजे श्टेफेले. शहर वाटीत वसलेलं आहे, मधे गाव आणि चहूबाजूंना टेकड्या. त्यामुळे असे जिने चारशेच्या वर आहेत. माझ्या बासष्ट पायऱ्यांचं कौतुक इथे कोण करणार!

रविवार, २७ ऑक्टोबर

पहाटे घड्याळं एक तास मागे गेली. घर साडेतीन तास पुढे होतं, आता साडेचार.

लोणच्याची रिकामी बरणी घेऊन बाहेर पडलो, म्हटलं वाटेत काचकचऱ्याच्या पेटीत टाकू. झाकण उघडतो तोच समोरच्या फुटपाथवरून आरोळी आली. कुत्रं फिरवणारे एक आजोबा. "अहो, आज रविवार!" काच फुटल्याचा आवाज रविवारी चालत नाही. बरणी पिशवीत परत ठेवली आणि ती दिवसभर माझ्याबरोबर फिरली.

बिर्केनकोफ नावाच्या टेकडीवर गेलो. शहराच्या याच बाजूला आहे, ५११ मीटर उंच. वळणावळणाच्या वाटेने अर्धा तास चढल्यावर माथ्यावर पोचलो आणि थबकलो. वर खडक नाहीत, घरं आहेत. म्हणजे घरांचे तुकडे. नक्षीदार कमानीचा दगड, खांबाचं डोकं, खिडकीची चौकट, सगळं एकावर एक रचलेलं, त्यावर शेवाळं. दुसऱ्या महायुद्धात या शहरावर ५३ हवाई हल्ले झाले. युद्धानंतर रस्ते मोकळे करायचे होते, ढिगारा ठेवायचा कुठे? तर १९५३ ते १९५७ या काळात सुमारे १५ लाख घनमीटर राडारोडा या टेकडीवर आणून टाकला. टेकडी चाळीसेक मीटरने वाढली. माथ्यावर क्रूस आहे आणि एका शिळेवर लिहिलंय की हा ढिगारा बळींच्या आठवणीसाठी आणि जिवंतांना इशारा म्हणून आहे.

एका दगडावर बसून चकली खाल्ली. कुणाच्या तरी दाराची चौकट असावी तो. खायला नको होतं, असं नंतर वाटलं. खाली सगळं शहर दिसत होतं. साडेपाचलाच अंधार पडला, चाचपडत उतरलो.

घरी आलो तर माझ्या दाराच्या मुठीवर एक लाकडी पाटी टांगलेली. पिवळी, दोरीला जुनी गाठ, काळ्या अक्षरांत एकच शब्द.

सोमवार, २८ ऑक्टोबर

वसुबारस. पाटीचा फोटो टेबलाशेजारच्या गड्याला दाखवला. तो इथलाच, सात पिढ्यांचा श्वाबी. हसत सुटला. म्हणाला, "केरवॉख! आता तू खरा आलास."

केर म्हणजे झाडणं, वॉख म्हणजे आठवडा. मी दोनदा विचारलं, केर? केरच. घरमालकीणबाईंनी पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं आणि मला इंग्रजी "केअर" ऐकू आलं. आठव्या कलमातला वळण्याचा आठवडाही हाच. त्या क्रियापदाचे दोन अर्थ होतात, मोबाइलने चुकीचा उचलला. आणि मराठी माणसाला भाषांतराची गरजच नव्हती! केराचा आठवडा. योगायोग असेल, पण दिवसभर स्वतःशीच हसत होतो.

प्रकार असा. मजल्यावरच्या घरांनी आळीपाळीने जिना झाडायचा आणि ओल्या फडक्याने पुसायचा. आपल्या मजल्यावरून खालच्या मजल्यापर्यंत, कठड्यासकट. ही धाकटी केरवॉख. थोरलीत फुटपाथ, तळघर, अंगण, पडलेली पानं, थंडीत बर्फ. ती आमच्या इमारतीत वेगळ्या यादीने फिरते, माझी पाळी जानेवारीत. बर्फ मलाच येणार हे उघड आहे. गड्याने इतिहासही सांगितला. १४९२ च्या शहर कायद्यातच लिहिलं होतं की प्रत्येकाने आपलं शेण-घाण दर आठवड्याला बाहेर नेऊन टाकावी. म्हणजे कोलंबस अमेरिकेला पोचत होता, त्या वर्षी हे लोक जिन्याखालच्या कचऱ्याचा विचार करत होते. १९८८ मध्ये शहराने सक्तीचा नियम काढून टाकला. भाडेकरारांत तो राहिलाच.

"आणि नाही केलं तर?"

गड्याने थोडा विचार केला. "पोलीस येत नाहीत. शेजारीण येते."

मंगळवार, २९ ऑक्टोबर

धनत्रयोदशी. हातात धरायचा ब्रश आणि सुपडी आणली. इथल्या बोलीत केअरविश आणि कुटरशाउफल. आईला फोनवर दाखवलं. आधी ती बराच वेळ हसली. घरी केरवारा करायला मावशी येतात. मी चाळीस वर्षांत कोचावर बसून पाय वर घेण्यापलीकडे केराशी संबंध ठेवलेला नाही. मग एकदम गंभीर झाली. "धनत्रयोदशीला केरसुणी घेतलीस, हे बाकी बरं केलंस. पण तिन्हीसांजेनंतर केर काढू नकोस हो. लक्ष्मी जाते. दिवाळीत तर मुळीच नाही."

आता पंचाईत बघा. ऑफिसमधून येतो तेव्हा साडेचार वाजतात, पाचला तिन्हीसांज. शुक्रवारी सर्व संतांच्या दिवसाची सुट्टी, म्हणजे शांतता. शनिवारी पाडवा. आईचं पंचांग आणि श्टुटगार्टची शिस्त यांच्यामधे जिना झाडायला उरतो फक्त गुरुवार पहाट.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

नरकचतुर्दशी. पाचला उठलो, तेल लावून अंघोळ केली. उटणं नव्हतं, भाजणीच चोळावी का असं क्षणभर वाटलं. सहाला ब्रश घेऊन जिन्यात. अभ्यंगस्नान करून केर काढायला बसलेला माणूस या इमारतीने पहिल्यांदाच पाहिला असेल.

वरून खाली, कोपरे आधी, आईने सांगितलं होतं तसं. एका पायरीवर काय असतं हे झाडल्याशिवाय कळत नाही. बर्चच्या झाडाचं बारीक बी, बुटातून आलेली वाळू, एक केसाची पिन, आणि माझ्याच मोडक्या चाकाचा काळा रबरी चुरा, तिसऱ्या पायरीपासून थेट दारापर्यंत. बारा दिवस तो तिथे होता. शेजारच्यांनी त्यांच्या आठवड्यात मधोमधचं झाडलं होतं, पण कडेच्या फटीत चुरा अडकून बसला होता. ब्रशने निघेना, नखाने काढला.

एवढ्यात समोरचं दार उघडलं. शेजारच्या आजी, ऐंशीच्या पुढच्या, गाऊनवर शाल. पाटी त्यांनीच टांगली होती. काही बोलल्या नाहीत. चार पायऱ्या उतरल्या, कठड्याच्या गजांमागे वाकून पाहिलं, बोटाने एक जागा दाखवली. झाडली. मग म्हणाल्या, "नास." ओलं. मी बादली आणली. पहिल्या पायरीवर इतकं पाणी ओतलं की त्यांनी "ओय ओय ओय" करत फडकं माझ्या हातातून घेतलं, पिळलं आणि एक पायरी पुसून दाखवली. लाकडाच्या रेघेच्या दिशेने, आडवं नाही. फडकं परत दिलं, आत गेल्या.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. घरी संध्याकाळचे साडेसहा, इथे दुपारचे दोन, म्हणजे नेमकी शांततेची वेळ. फोन बशीला टेकवून ठेवला. तिकडे आरती चालू, मी इकडे पुटपुटतोय. पाटावर नाणी, चकल्या, साखर, आणि केरसुणीच्या जागी तो ब्रश, दांड्याला हळदकुंकू. पूजेची केरसुणी कोरी हवी, ही तर कालच वापरलेली. "परदेशात चालतं," आईने निकाल दिला.

पणत्या नव्हत्या. परवा दुकानात लाल प्लॅस्टिकच्या पेल्यातले छान दिवे दिसले होते, वर झाकण, दोन-दोन दिवस जळणारे, स्वस्त. नाव ग्राबलिश्ट. लिश्ट म्हणजे उजेड एवढं येत होतं. ग्राब हा ब्रँड असेल असं धरून चार आणले. अंधार पडल्यावर रस्त्याकडच्या खिडकीत ओळीने लावले. काय शोभून दिसत होते!

सहाच्या सुमाराला दारावर टकटक. आजी, अंगावर काळा कोट, खालून धावत वर आलेल्या, धाप लागलेली. माझा हात धरला आणि विचारलं, "कोण गेलं?"

मला काही कळेना. त्यांनी खिडकीकडे बोट केलं. मग मोबाइल काढून शब्द पाहिला. ग्राब म्हणजे थडगं. आज सर्व संतांचा दिवस, लोक कबरींवर हेच दिवे लावतात. आजी स्वतः तिथूनच येत होत्या. नवऱ्याच्या कबरीवर असाच एक लावून.

जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. मोबाइलवर बोलून दाखवत, हातवारे करत सांगितलं की कोणी गेलं नाही, कोणीतरी यायचंय, लक्ष्मी, तिला वाट दिसावी म्हणून दिवे. आजींनी कोटाची बटणं काढली, पाटासमोर उभ्या राहिल्या. ब्रशवर नजर गेली. हा का?

"त्याची पूजा करतो आम्ही. वर्षातून एकदा."

मला वाटलं, आता हसतील. त्या ब्रशकडे, कुंकवाकडे, पुन्हा ब्रशकडे पाहत राहिल्या. "रिश्टिश," म्हणाल्या. बरोबर आहे. जगात कुठेतरी लोकांना हे कळतं, याचं समाधान चेहऱ्यावर दिसलं. चकली दिली. अर्धी खाल्ली, अर्धी रुमालात बांधली. थोड्या वेळाने दोन मेणाचे पांढरे दिवे आणून दिले आणि खिडकीतले लाल चारही स्वतः विझवून पिशवीत घालून घेऊन गेल्या. वाया कशाला घालवायचे, त्यांना लागणारच होते.

रविवार, ३ नोव्हेंबर

सकाळी पाटी आजींच्या दाराच्या मुठीवर अडकवायला गेलो. मजल्यावर दोनच घरं, आता त्यांचा आठवडा. दोरी अडकवतोय तोच दार उघडलं. आजींनी जिना वरपासून खालपर्यंत न्याहाळला. कठड्याच्या गजांमागे पाहिलं. "नेट ग्शिम्प्ट इश ग्लोब्ट ग्नुग," म्हणाल्या, मी तिरकी टांगलेली पाटी सरळ केली आणि दार लावून घेतलं.

जसं ऐकू आलं तसं लिहून गड्याला पाठवलं. त्याचं उत्तर आलं: "रागावले नाही, म्हणजे कौतुक पुरेसं झालं. आमच्याकडे यापुढे शब्द नाही. पार्टी दे."

दुपारी भाऊबीज. ताईने फोनवरूनच ओवाळलं. आई मागून म्हणाली, जिना दाखव बघू. फोन घेऊन बाहेर गेलो, एकेक पायरी दाखवत खालच्या मजल्यापर्यंत उतरलो, परत वर आलो. ती चष्मा लावून बघत होती.

"ठीक आहे," म्हणाली. "वरून दुसऱ्या पायरीवर, भिंतीच्या कडेला राहिलंय."